मोटारीच्या जाळीतलं फूल

सन १९३४. माझं वय बत्तीस, अमरावतीच्या ठाण्यात जमादार होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण ही चोरी मी कोणा साहेबाला विचारून उघडी केली नाही.

अकोल्याला उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीला नवी जाळी बसवली होती. इंजिनाचं तापलेलं पाणी या जाळीतून फिरतं आणि वाऱ्याने निवतं. पितळी, मोहोळासारखी सहाकोनी घरं, आणि मधोमध ती अशी वळवलेली की आठ पाकळ्यांचं फूल दिसे. गाडी ठाण्यासमोर थांबली की बाया टोपल्या उतरवून बघत. गोटा लागून दोन पाकळ्या चेपलेल्या, हे मी स्वतः पाहिलेलं.

गळती लागली म्हणून जाळी उतरवून शेडात ठेवली, तिथूनच ती गेली. शेडाची किल्ली ड्रायव्हरपाशी. मालकाने त्याच्यावरच फिर्याद दिली, मी त्याला कोठडीत घातलं, लायसन ठाण्यात ठेवून घेतलं.

"मारा पायजे तर, जमादार साहेब. पन लायसन गेलं तर मी खाऊ काय? मले दुसरं काई येत नाई."

"मी मारत नसतो. खरं बोल."

"तेच बोलून राहिलो."

मालकाचा मेहुणा मात्र रोज ठाण्यात यायचा. "याचं लायसन कधी रद्द होते, साहेब?" ज्याचं काही गेलं नाही त्याला एवढी घाई कशाची, हे मी मनात ठेवलं.

दिवाळी जवळ आली होती. वलगावची एक माळीण झेंडू विकायला यायची. ठाण्याच्या फाटकाशी म्हणाली, "साहेब, तुमच्या मोटारीचं फूल आमच्या गावात उगवलं. मालकाच्या मेहुन्याच्या ओट्यावर. आमी शेनानं सारवतो, त्यायच्या घरी नक्षी छापून राहिले."

पंच घेऊन गेलो. ओट्याच्या नव्या मातीत सहाकोनी घरं उमटलेली, मधे फूल, आणि प्रत्येक फुलाच्या दोन पाकळ्या चेपलेल्या. मेहुण्याची बायको दारात होती. दरडावलं असतं तर तिने कडी लावली असती.

"वयनी, नक्षी झकास जमली. हातानं काढली काय?"

"हातानं निंगते काय अशी? ठसा हाय. ह्यायनं आनला. कोनाले दाखवू नोको म्हने. मंग मी ओट्यावर छापला, ठसा कुठं दाखवला?"

तिनेच तो कणगीतून काढून दिला. जाळीच्या घराघरात ज्वारीचे दाणे अडकलेले. तिथेच पंचनामा केला.

मेहुण्याला समोर बसवलं. त्याला गाडीवर आपला माणूस बसवायचा होता; शेडाची दुसरी किल्ली मालकाच्या घरी असे, ती त्याने उचललेली.

"मंग जाळी विहिरीत टाकाची. घरी कावून ठेवली?"

"टाकाले गेलतो, साहेब. हात धजला नाई. लय देखनी हाय."

चोरलेला पैसा माणूस वर्षभर दाबून ठेवील. देखणी चीज घरात आली की घर गप्प राहत नाही. पुढे नोकरीत मी आरोपीच्या आधी त्याचा ओटा पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुटकेचा हुकूम घेतला, ड्रायव्हरच्या हाती लायसन दिलं आणि त्याला भर बाजारातून मोटार-स्टँडवर नेलं. दुसरी जाळी बसवलेल्या गाडीपाशी मालक खाली पाहत उभा. म्हटलं, "इंजिन फिरवायचं हँडल याच्या हाती द्या." त्याने दिलं. मग मी वर्दीनिशी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो आणि बडनेऱ्यापर्यंत गेलो, वाटेवरच्या सगळ्यांनी पाहावं म्हणून.