भरतीखालची विनाशिका

सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट या वेळी एकटीचं काढलं. आधी दोघांचं काढलं होतं, ते यांच्या आजारपणात कॅन्सल केलं. हे गेले. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या घरात त्यांची दुर्बीण राहिली आणि जहाजांवरची पुस्तकं. ती मी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचून काढली. त्यांतली एक जुनी विनाशिका यांना बघायची होती. ती आता त्यांच्या दुर्बिणीतून मी बघावी, एवढ्यासाठी निघाले.

तिची हकिगत अशी. चार धुरांड्यांची ही युद्धनौका पहिल्या महायुद्धासाठी बांधायला घेतली, पण तयार होईपर्यंत युद्धच संपलं. काही वर्षं सराव, मग भंगारात विक्री. कोणीतरी तिच्यावर हॉटेल चालवलं. पुढच्या महायुद्धात नौदलाने तिला परत घेतलं, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या चिखलात बसवून आपल्याच वैमानिकांना बाँब टाकायला शिकवण्यासाठी. शत्रूवर तिने एकही गोळा झाडला नाही. हा भाग वाचून दाखवताना हे हसायचे. मला हसू येत नाही.

जाणाऱ्यांनी जॅकेट न्यावं. ह्यूस्टनच्या उकाड्यातून गेल्यावर तिथला वारा बोचतो. खाडीकाठच्या बांधावरून ती बघायची, तिथे पार्किंग फुकट आहे. सावली नाही, टॉयलेट नाही. सांगाडा फक्त पूर्ण ओहोटीला दिसतो, तोही दुर्बिणीतून.

मुक्काम फ्रीमाँटला नणंदेकडे, सुधाताईंकडे होता. परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी ओहोटी होती, म्हणून त्यांची मुलगी मीनल मला लवकर नेणार होती. बूट घालायला वाकले, तर स्वयंपाकघरातून पुरणाचा वास.

“वहिनी, जेवल्याशिवाय निघायचं नाही.”

“आई, मामीला टाइड गाठायचीय, यार!”

“टाइड कुठे पळून जाते? रोज येते ना?”

“ताई, आल्यावर जेवते.”

“आल्यावर तू सरळ एअरपोर्टला पळशील. दादा असता तर एव्हाना दुसरी पोळी मागितली असती.”

दादाचं नाव निघालं आणि त्यांचा आवाज फिरला. मी बूट काढले. पोळी गरम होती, तूप सुटत होतं. नको म्हणेपर्यंत दुसरी पानात पडली.

बांधावर पोचलो तेव्हा पाणी चढलं होतं. दुर्बीण लावली, सगळं धूसर. फोकसचं चाक फिरवत राहिले, तेव्हा दूरवर गंजलेलं एक टोक दिसलं, त्यावर पाणकावळा.

“मामी, दॅट्स इट?”

“तीच असेल.”

थोड्या वेळाने टोकही गेलं. पाणकावळा उडून गेला.

घरी आले. तुम्ही गेलात तर आधी बांधावर जा, नातेवाइकांकडे नंतर. मी पुन्हा जाईन असं वाटत नाही. गुडघे आहेत, आणि तो सांगाडाही दरवर्षी झिजतोय.

काल अंगणातल्या झाडावरचा कार्डिनल बघायला दुर्बीण उचलली. पक्षी स्वच्छ दिसला, पिसं मोजावीत इतका. आधी या दुर्बिणीतून मला नीट दिसायचं नाही. तिचा फोकस यांच्या डोळ्यांना जुळवलेला होता, ते गेल्यापासून तसाच. बांधावर एका टोकासाठी मी तिचं चाक फिरवलं. काल मग बराच वेळ ते चाक मागे नेऊन पाहिलं. यांच्या वेळी नेमकं कुठे होतं, आठवत नाही.