तृप्तीचं वेगळं ताट

तृप्ती इंदूरहून नवं यकृत घेऊन सिंधीपुऱ्यातल्या घरी परतली, तेव्हा सासूने, मालूबाईंनी, तिचं ताट वेगळं काढून ठेवलं होतं. इन्फेक्शन नको म्हणून, असं तृप्तीला वाटलं. बरंही वाटलं. मग लक्षात आलं, ताट तिला जपायला नव्हतं, घराला जपायला होतं.

याला कारण निरंजनचं तोंड. तो तिचा नवरा, केळी पिकवायच्या कोल्ड रूमचा धंदा करणारा. दवाखान्यातली गोष्ट तो येईल त्याला रंगवून सांगायचा. "मेलेल्या मानसाचं लिवर ते. चरबीवालं, बर्फात टिकलं नसतं. केळंबी जास्त थंडीत काळं पडतं ना, तसंच. मग मशीनवर ठेवलं. नळ्यांतून गरम रक्त फिरवलं. पित्त सुटलं, तवा डॉक्टर बोलले, चालू आहे, बसवा."

"रक्त कोनाचं?" मालूबाईंनी विचारलं.

"ब्लड बँकेचं. किसी का भी."

त्या दिवसापासून तृप्तीला स्वयंपाकघर बंद झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालूबाईंनी तिला पितरांच्या घागरीजवळ बोलावलं. हातात पेला. "गोमूत्र हाय. घे, शुद्ध हो, अन् मग पुरनाला हात लाव."

"आई, मला कच्चं दूधसुद्धा चालत नाही. पोटात जंतू गेले तर यकृत जाईल. मी जाईन."

"एक घोट ले ना यार," निरंजन म्हणाला. आमरसाचा हात चाटत होता. "क्या फरक पडता है?"

रस त्याच्या कोपरापर्यंत ओघळला होता. केळ्यांच्या खोलीचं तापमान बघायला हाच माणूस भरल्या ताटावरून उठून पळायचा.

"गुडघ्याच्या ऑपरेशनात तुम्हालाही रक्त चढवलं होतं, आई. ते कुणाचं? आधी तुम्ही घ्या."

"ते डाक्टरनं चढवलं. म्या थोडंच मागितलं!"

पेल्यात माशी पडली. मालूबाईंनी ती बोटाने काढली, बोट पदराला पुसलं आणि पेला पुन्हा पुढे केला.

तृप्तीने पेला हातात घेतला. तिने तो मोरीत ओतला, साबणाने हात धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवून तिने पितरांसाठी काढलेल्या निखाऱ्यावर टाकला. यकृत देऊन गेलेल्या त्या अनोळखी माणसाच्या नावाने.

"बाटवलं सगळं!" मालूबाई किंचाळल्या. "आता कोन खाईन हे?"

"मी," तृप्ती म्हणाली, आणि तिने आपलं वेगळं ताट वाढून घेतलं.