खिडकीत वाळणारे डायलेटर

मला माझ्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी फसवलं. पाळी गेल्यावर योनी कोरडी पडली, आखडली, नवऱ्याशी जवळीक असह्य झाली. बाई म्हणाल्या, “आता वय झालं, देवाधर्मात मन रमवा.” बाजारात कुणाचा पहिला भाव न मानणारी मी बांगडीवाली, तिथे मुकाट उठून आले.

आज नव्या डॉक्टरांनी दिलेले डायलेटर, योनी हळूहळू सैल करायच्या गुळगुळीत कांड्या, धुऊन खिडकीत वाळत ठेवलेत, करंगळीएवढ्यापासून चढत्या मापाचे. जेल लावून, घाई न करता, एकेक माप. आखडलेल्या हातांत बांगड्या मी जन्मभर अशाच चढवल्या; शरीरालाही एवढी सबुरी पुरते, हे मला ठाऊक नव्हतं.

दुखणं ओसरतंय. काल नवऱ्याजवळ जाऊन बसले. आठ वर्षं बाहेरच्या खोलीत झोपणारा तो हळूच म्हणाला, “मला वाटायचं, तुला माझी किळस येते.”

डॉक्टरीणबाई, त्याला उत्तर तुम्ही येऊन द्या.