बाहेर बसवतील म्हणून

शनवारा भागातल्या आमच्या शाळेत माझ्या सहकारी मॅडम गणित शिकवतात आणि भारताच्या संघातून सॉफ्टबॉलही खेळतात. परदेशातून सामने खेळून आल्या, की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला हजर. कौतुक केलं तर "हो, झालं ते," म्हणतात आणि वह्या तपासायला घेतात.

परवा आमच्या मुलींचा अंतिम सामना होता. चेंडू टाकणाऱ्या दापोरा गावच्या मुलीचं बोट सुजलेलं पाहून मॅडमनी तिला बाहेर बोलावलं.

"कुछ नहीं हुआ, मॅडम. तुम्ही बाहेर बसवाल म्हणून बोलली नाही."

मॅडमनी आपला उजवा हात पुढे केला.

"हे मधलं बोट वाकव बरं."

मुलीनं जोर लावला. बोट वाकेना.

"मागच्या दौऱ्यात पहिल्याच सामन्यात मोडलं. बाहेर बसवतील म्हणून मी पण कोणाला सांगितलं नाही. सगळे सामने खेळली. चुकलं माझं. तू बस."

सामना आम्ही हरलो. मी मात्र त्या बोटाकडेच बघत होते. त्या दौऱ्यावरून मॅडम परतल्या, तेव्हा स्टेशनवर त्यांना हार मीच घातला होता. आनंदाच्या भरात तोच हात घट्ट दाबलाही होता.

त्या हसल्या होत्या.