गुणाजीचा अर्धा वाटा

गडब गावच्या गुणाजीला एकट्यानं काही खायची सवयच नव्हती. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी सकाळी घरात चहा एकच कप व्हायचा. कप हौसाला, बशी त्याला. बाजारात कुणी भजी खाऊ घातली तर निम्मी कागदात बांधून घरी यायची, आणि गार, तेलकट झालेली ती भजी हौसा मुकाट्यानं खायची. "शिंकतोस तरी एकटा की अर्धी शिंक घरी नेतोस?" असं शेजारच्या घरातला पोपट नावाचा गडी विचारायचा. गुणाजीला त्याचं काही नव्हतं.

शहाऐंशी सालच्या भातकापणीत विळा सटकून त्याच्या पावलावर बसला. हळद दाबून हा शहाणा दोन दिवस कापणीला उभा राहिला. तिसऱ्या दिवशी पाऊल टम्म फुगलं, ताप चढला, तेव्हा हौसानं त्याला एस्टीत घालून पेणला दिनानाथ डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि चौदा कॅप्सूल हातात ठेवल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. बरं वाटलं तरी थांबायचं नाही, असं दोनदा बजावलं.

हौसानं वेळ कधी चुकवली नाही. सकाळची कॅप्सूल तो तिच्यासमोर घ्यायचा. संध्याकाळची मात्र "जेवल्यावर घेतो गो" म्हणून मुठीत धरून पडवीत जायचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सूज ओसरली, आणि हौसाचा जीव भांड्यात पडला.

आठव्या दिवशी पाय पुन्हा फुगला. या खेपेला लाली घोट्यावरून पोटरीकडे चढत होती. हौसा त्याला घेऊन पेणला गेली ती भांडायच्या तयारीनंच.

"चवदाच्या चवदा मी माज्या हातानं दिल्या, डॉक्टर. तुमच्या औषधात दम नाय."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पोटरी दाबून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. "उद्यापर्यंत हे खाली आलं नाही तर अलिबागला दाखल करावं लागेल. पाय वाचेल की नाही, ते आज मी सांगू शकत नाही."

भात निघालं होतं, ओल होती तोवर वाल पेरायचा होता. पण हौसाला वालाचं काही सुचेना. एका पायावरचा गुणाजी पडवीत बसलेला तिला मनात दिसला आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या घेतल्या?"

गुणाजीनं मान खाली घातली. मग कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या खांडांतून एकेक करून सात कॅप्सूल टेबलावर काढल्या. त्यांना तंबाखू चिकटला होता.

"हिच्यासाठी ठेवल्या," तो म्हणाला. मग हौसाकडे वळला. "तुजा गुडघा लावणीपास्नं धरलाय. माज्या पायाला गुण आला, तर तुज्या पायाला बी येल, असं वाटलं. एकेक दिली असती तर तू परत माज्याच तोंडात घातली असतीस. म्हून जमवीत होतो."

हौसाला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला आणि त्याच वेळी त्याला उराशी धरावंसं वाटलं. डॉक्टरांसमोर दोन्ही करता येईना. ती पदरानं डोळे पुसत राहिली.

डॉक्टर म्हणाले, "जखमेतले जंतू अर्धे मारून सोडले की उरलेले पुन्हा जोर धरतात, आणि कधी कधी मग त्याच औषधाला दाद देत नाहीत. आणि हौसाबाईंच्या गुडघ्यात जंतू नाहीतच, झीज आहे. तिथं ह्याचा काही उपयोग नव्हता. उलट त्यांना हे सोसलं नसतं तर जिवावर बेतलं असतं." त्यांनी त्या सात कॅप्सूल उचलून आपल्याकडे ठेवल्या. पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं का, दम लागला होता का, ते विचारून घेतलं. मग इंजेक्शन दिलं, दहा दिवसांचं दुसरं औषध लिहिलं, आणि हौसाचा गुडघाही तपासून शेकायला सांगितलं. "अंगावर काही उठलं तर लगेच या. एरवी एकही चुकवायची नाही, उरवायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी लाली घोट्यावर उतरली. अलिबाग टळलं.

त्यानंतर हौसा पाण्याचा तांब्या घेऊन समोरच बसायची, आणि कॅप्सूल गिळल्यावर त्याला तोंड उघडून दाखवायला लावायची. पोपटाला तर चिडवायला नवीनच खेळ मिळाला. सहाव्या दिवशी गुणाजी बांधापर्यंत चालून आला आणि ओट्यावर टेकला.

"आता पुरे की. बरा हाय मी. एवढं औषध एकट्यानं खायचं म्हंजे चोरी केल्यावानी वाटतं."

हौसानं त्याचा हात ओढून कॅप्सूल तळव्यावर ठेवली.

"चाळीस वर्सं मी अर्धं खाल्लं, कधी नाय म्हनले नाय," ती म्हणाली. "पन तुमी मला अर्धे नकोत. दोनी पायांवर चालनारे, अख्खे पायजेत."

गुणाजीनं कॅप्सूल तोंडात टाकली, पाण्याचा मोठा घोट घेतला, आणि तिनं सांगायच्या आधीच तोंड उघडून दाखवलं.