घोटा भिजायच्या आत

आमच्या आबांचा राग अख्ख्या नागापूरला माहीत आहे. आबा, म्हणजे सहादू, कुणी पुढारी नव्हेत की मास्तर नव्हेत, एका वर्कशॉपात लेथवर उभं आयुष्य काढलेला टर्नर. पण रिक्षावाले त्यांच्याशी भाड्यावरून हुज्जत घालत नाहीत. पिशवीत दोन सडके टोमॅटो निघाले की ते भर उन्हात परत बाजारात जाणार, आणि भाजीवाल्याने मुकाट बदलून दिले तरी वर चार शब्द सुनावून येणार. आई म्हणायची, "यांच्या नाकावर राग नाही, यांच्या रागालाच नाक फुटलंय."

या सगळ्या रागांचं कारण तरी दिसायचं. त्यांचा एक राग मात्र आम्हाला कधी कळला नाही, आणि तो होता साफसफाईचा. अस्वच्छतेचा नव्हे, साफसफाईचाच. ज्याची मशीन त्याने पुसायची, ज्याचं ताट त्याने घासायचं, हा त्यांचा कायदा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साहेबाने त्यांना आणि आणखी दोघांना सगळ्या मशिनी धुऊन ठेवायला सांगितलं, तर "आमीच का?" एवढं विचारून ते गेटबाहेर जाऊन बसले. घरी आई न्हाणीघर एकटी घासायला लागली की हातातला पेपर टाकून उठायचे आणि दुसरा ब्रश घ्यायचे. मी सहावीत असताना शाळेची पाण्याची टाकी धुवायला पाच पोरं निवडली होती, त्यात मी होते. दुसऱ्या दिवशी आबा हेडमास्तरांच्या खोलीत. "धुतील तर सगळी पोरं धुतील, न्हाईतर तुमी धुवा." वर्गातल्या मुली खिडकीतून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरी एक गोष्ट होती गावाची. सुट्टी लागली की गल्लीतली पोरं आपापल्या गावी जायची. आम्ही विचारलं, "आबा, आपलं गाव कुठलं?" तर "नागापूर." त्याच्या आधीचं? "आधीचं काय न्हाई." आजी, म्हणजे आबांची आई भागिरथी, उजव्या पायाने लंगडत चालायची. तिचा गुडघा सरळच व्हायचा नाही. तिला विचारलं की "पडले हुते" म्हणून ती पदर सारखा करायची. मी नववीत असताना ती गेली, आणि ते प्रश्न आम्ही विसरून गेलो.

तर झालं असं की यंदा एप्रिलमध्ये मी सुट्टीला घरी आले असताना माझा भाऊ महेंद्र मोबाईल नाचवत आला. तो सुप्याला एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि त्याला घरच्यांना फिरवायची भारी हौस. मोबाईलवर सातझिरीच्या शाही बागेचा व्हिडिओ होता. निजामशाहीच्या काळातली बाग, डोंगरातून येणारा बारमाही झरा, दगडी कुंड, आणि अक्षयतृतीयेच्या आधीच्या रविवारी खास 'झरा स्वच्छता सोहळा'. पर्यटकांनी स्वतः कुंड धुवायचं, मग झरा सोडायचा, वरून जेवण. पुण्याची एक कंपनी हे सगळं चालवते म्हणे.

मी महेंद्रला डोळ्यांनी दटावलं. साफसफाईच्या सहलीला आबांना न्यायचं म्हणजे आग्यामोहोळाला दगड मारायचा. पण आबांनी तो व्हिडिओ पाहिला, परत लावायला सांगितला, परत पाहिला. मग म्हणाले, "चल. जाऊ."

या माणसाने आयुष्यात कधी सहलीला 'हो' म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी निघालो. मी राहुरीला असते, तिथून मला गाडीत घेतलं. गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली तसे आबा बोलायला लागले, समोरच्या काचेकडे बघत.

"ते आपलं गाव हाय."

महेंद्रने गाडीचा वेग एकदम कमी केला. "आबा, मला माहीत असतं तर..."

"चालव. सांगतो."

अक्षयतृतीयेच्या आधी कुंड धुवायचं काम महारवाड्याचं. झऱ्याच्या तोंडात चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच ठोकायचं, कुंड उपसायचं, गाळ काढायचा आणि नारळाच्या काथ्याने पायऱ्या घासायच्या. वर्षातला तेवढा एकच दिवस आमच्या माणसांना कुंडात उतरायची मुभा होती, कारण त्या दिवशी कुंडात पाणी नसायचं. काम झालं की वरून आरोळी यायची, बूच निघायचं, आणि पाणी घोट्याला लागायच्या आत सगळ्यांनी वर यायचं. एकदा कुंड भरलं की ते गावाचं. आमचं पाणी खाली, बागेच्या टोकाला, जनावरं प्यायची त्या चरातलं.

आजी लग्न होऊन आली त्या वर्षी तळाची पायरी घासत होती. बूच निघालं. ती लगबगीने उठली, शेवाळावरून पाय सटकला आणि गुडघा दगडावर आपटला. ती सावरेपर्यंत पाणी नडगीपर्यंत आलं होतं. वर उभी असलेली माणसं ओरडली, कुंड बाटलं. बूच परत ठोकलं. आणि कुंड तिनेच परत उपसायचं, एकटीने, असं ठरलं. आजोबा बादलीला हात लावायला गेले तर त्यांना दोघांनी धरून ठेवलं. तो सुजलेला गुडघा घेऊन ती दिवस मावळेपर्यंत बादल्या उपसत होती.

"त्याच साली आपल्या लोकांनी धम्म घेतला," आबा म्हणाले. "पुढल्या वर्षी काथ्या घिऊन कुनी उतरलं न्हाई. आई-बाप नगरजवळ नागापूरला आले, मंग मी झालो. आईनं हे मला एकदाच सांगितलं, लई उशिरा. माझ्या आईला त्या पान्यात नीट उभं राहता आलं न्हाई. मला राहायचंय. दुसरं काय न्हाई, उभं राहायचं आन ओंजळभर प्यायचं."

महेंद्रने गाडी पुढे घेतली. माझ्या डोक्यात शाळेची टाकी, न्हाणीघराचा ब्रश, सगळं एकावर एक येऊन आदळत होतं.

सातझिरीत गाडी लावायला मोठं मैदान केलेलं आहे. मनगटाला कागदी पट्टा बांधतात, हातात ताक देतात. बाग सुंदर आहे, ते नाकारत नाही. जुनी आंब्याची झाडं, त्यांच्या मधून दगडी पाट, पाटात खळाळतं पाणी. आबा पाटाच्या कडेकडेने शेवटपर्यंत गेले. तिथे, जनावरांच्या चराच्या जागी, आता कारंजं आहे आणि फोटो काढायला लाकडी झोपाळा. ते तिथे थोडा वेळ थांबले आणि वळले.

कुंडाशी पाटी होती. निळ्या अक्षरांत, छान चौकट करून. 'या झऱ्याचे पावित्र्य ग्रामस्थांनी पिढ्यान्पिढ्या स्वयंस्फूर्त श्रमदानातून जपले. झऱ्याप्रती आदर म्हणून सेवेकरी घोटा भिजण्याआधीच कुंडाबाहेर येत. ही सुंदर परंपरा आपणही अनुभवा.'

मी ती पाटी वाचली आणि माझी कानशिलं तापली. स्वयंस्फूर्त! माझ्या आजीचा गुडघा काय स्वयंस्फूर्तीने मोडला होता? आणि आदर? कुणाचा कुणाला आदर? मी राग गिळणारी बाई नाही, बापाचंच रक्त आहे. ऑफिसात, मॅनेजरच्या खोलीत घुसायला मी निघालेच होते, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"आदी पानी," म्हणाले. "मंग पाटी."

कुंडाच्या वरच्या अंगाला एक बाई झाडू टेकवून बसली होती. पायात गमबूट, अंगावर कंपनीचं हिरवं जॅकेट. आबा तिच्याजवळ जाऊन बसले आणि कुठली, कुणाची, अशी चौकशी सुरू केली. तिचं नाव लंकाबाई. ती सातझिरीतल्या आमच्याच जुन्या वस्तीतली निघाली.

"आज तुमी न्हाई का उतरत?" आबांनी विचारलं.

"आमी पहाटंच गाळ काढला की. पाव्हन्यांना गाळाचा वास सहन व्हत न्हाई. आता ते नुसतं पुसत्यात, फोटोपुरतं."

"आन पानी सोडल्यावर?"

"तवा आमाला वरच बसाया सांगत्यात. जाकिटवाले फोटोत येत्यात ना मधी." तिने हे अगदी सहज सांगितलं, आणि मला तिचाही राग आला. मग त्या रागाचाच राग आला.

सोहळा सुरू झाला. अनीश नावाचा गाईड होता, पंचविशीतला, गालाला माईक चिकटवलेला, गोड बोलणारा. त्याने तीस-चाळीस लोकांच्या हातात काथ्याचे नवे कोरे गोळे दिले. पांढरे सदरे घातलेले पुरुष आणि गॉगल लावलेल्या बायका पहाटेच धुतलेल्या पायऱ्या घासायला लागल्या. कुणी घासायचं, कुणी शूटिंग घ्यायचं. एक बाई हसत म्हणाली, "किती सॅटिस्फाइंग आहे ना!" मी तोंड फिरवलं, नाहीतर त्या काथ्याने तिचंच तोंड घासलं असतं.

आबांनी काथ्या घेतला नाही. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले. लेथवर काम चालू असताना उभे राहायचे तसेच.

"तर मंडळी," अनीश माईकवर म्हणाला, "आता आपण झरा मोकळा करणार. शिट्टी वाजली की सगळ्यांनी वर यायचं. लक्षात ठेवा, घोटा भिजायच्या आत! जो शेवटी राहील तो आउट!"

लोक खिदळले. खेळ झाला होता त्याचा. जिच्यामुळे एका बाईचा जन्माचा पाय गेला, त्या आरोळीची त्यांनी संगीतखुर्ची करून टाकली होती. या पोराला काही ठाऊक नव्हतं हे मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. ठाऊक असणाऱ्यांनी सांगितलं नाही, आणि ठाऊक नसणाऱ्याने विचारलं नाही. मधल्या मध्ये पाटी तेवढी रंगवून झाली.

बूच निघालं. शिट्टी वाजली. लोक किंचाळत, हसत पायऱ्या चढले. पाणी तळाच्या दगडावर पसरलं, आबांच्या टाचांना लागलं.

"आजोबा! वर या, वर या!" अनीश हसत ओरडला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. "आजोबा आउट!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबा हलले नाहीत. पाणी घोट्यावर चढलं. टाळ्या थांबल्या. वॉचमनने पुन्हा शिट्टी मारली, लांबलचक. मोबाईल धरलेली माणसं कुरकुरायला लागली, त्यांच्या फोटोत भरणाऱ्या कुंडाच्या मधोमध एक म्हातारा येत होता. पाणी नडगीला आलं. मी आबांच्या पायांकडे बघत होते आणि मला आजीचे पाय दिसत होते.

आबांनी वाकून ओंजळ भरली आणि प्यायले. मग दुसरी भरली.

अनीश घाईघाईने खालच्या पायऱ्यांवर आला. माईक चालूच राहिला होता, त्यामुळे तो जे बोलला ते साऱ्या बागेला ऐकू गेलं. "आजोबा, प्लीज, बाहेर या ना. पाणी खराब होतंय. मग सगळ्यांना प्यायला द्यायचंय ते."

मला वाटलं आता आबांचा भडका उडणार. टोमॅटोसाठी बाजार डोक्यावर घेणारा माणूस आता ही बाग पेटवणार. महेंद्र तर दोन पायऱ्या उतरलाही होता त्यांना धरायला.

आबांनी तोंड पुसलं. त्या पोराकडे वर बघितलं. आवाज चढवला नाही.

"मंग परत उपसा," ते म्हणाले. "आन या बारीला तुमी उपसा."

माईकमधून तेही सगळीकडे गेलं. अनीश गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. महेंद्रने पायातले बूट काढले आणि पाण्यात उतरून आबांच्या शेजारी उभा राहिला. मी चपला पाटीखाली ठेवल्या आणि उतरले. पाणी इतकं गार होतं की हाडापर्यंत कळ गेली.

मागे कसला तरी आवाज झाला म्हणून वळून बघितलं. लंकाबाईने एक गमबूट काढून पायरीवर उपडा केला होता आणि दुसरा ओढत होती. वॉचमन तिच्या नावाने ओरडला, मग शिट्टी मारायला लागला. शिट्टी वाजतच राहिली. ती खाली आली, आणि आम्ही चौघांपैकी कुणीही वर गेलं नाही.