महेशच्या बोर्डातलं तांबं

हे आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही — तिला अजून वाटतं, मला बढती कामाच्या जोरावर मिळाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही महेशला ओळखत नाही. बहुतेक म्हणूनच.

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे रडार सेन्सर बनवते — गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की ओरडतात ते. त्यांचं सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, मगच बोर्ड बनवायला टाकायचा, हे आमचं काम. महेश परभणीकडचा, कुरुळीत खोली घेऊन एकटा राहायचा. सॉफ्टवेअर त्याला मी शिकवलं. मी! आणि वर्षभरात साहेब माझ्या टेबलावरून पुढे जाऊन त्याच्या खुर्चीशी थांबायला लागले. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच्या डब्यातल्या ठेच्याभोवती. माझ्याच तोंडून ऐकलेली गोष्ट तो मीटिंगमध्ये माझ्यापेक्षा सोपी करून सांगायचा — हे तर सहनच व्हायचं नाही. जळायचो मी. सांगवीत घरी पोचेपर्यंत जळत राहायचो. एवढा मोठा माणूस — लाज वाटायला नको?

आता नीट ऐका. बोर्डावरचा धातू कसा आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं — वीज किती सहज वाहू देतो, थर किती जाड, पृष्ठभाग किती खरबरीत. खरं तांबं थोडा सिग्नल खातंच. पण पहिल्या कच्च्या फेरीत आम्ही सगळेच धातू 'परफेक्ट' ठेवतो, काहीच न खाणारा, म्हणजे उत्तर पटकन येतं. खरं तांबं नंतर भरायचं. आणि हे विसरायला होतं, म्हणून बोर्ड जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी फाइल उघडून बघायची, अशी आमच्यात पद्धत.

महेशची फाइल बघायची पाळी माझी होती. नवा सेन्सर, पहिल्यांदाच पूर्ण त्याच्या हातात. तो पास झाला की महेश नोकरीत कायम होणार, बायको-मुलीला घेऊन येणार — पिंपळे सौदागरला भाड्याचा फ्लॅटही बघून ठेवला होता. मला काय माहीत नव्हतं? मुलीचे फोटो तो आधी मलाच दाखवायचा.

फाइल उघडली. धातूपुढे — परफेक्ट. तसाच राहिलेला.

किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. तो पलीकडच्याच रांगेत होता, नुसती हाक मारायची होती. तर त्यानेच विचारलं, "भाऊ, बघितलं का?" मी म्हणालो, "बघितलं. टाक." आणि खरं सांगू? बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

बोर्ड आले. कॉम्प्युटरवर जेवढ्या लांबचं दिसत होतं, तेवढं खऱ्या सेन्सरला दिसेना. ज्या गाडीवाल्या कंपनीसाठी सेन्सर बनवला, तिची माणसं समोर बसलेली, आणि साहेबांनी तिथेच फाइल उघडायला लावली. सगळ्यांना दिसलं. कुणी तपासलं होतं, असं साहेबांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत महेश उठला.

"भाऊंनी बघितलं होतं, सर. त्याच्यानंतर म्याच कच्ची फेरी परत चालवली असंल. माझ्याकडूनच राहिलं."

तो मला वाचवत नव्हता हो. त्याला खरंच तसं वाटत होतं — भाऊंनी बघितलं म्हणजे तेव्हा बरोबरच असणार. आणि मी? मी मान डोलावली. गप्प राहणंही चाललं असतं, पण मी मान डोलावली.

त्याला कायम केलं नाही. नवा सेन्सर माझ्याकडे आला, मग बढतीही. महेश परभणीला परत गेला, तिथे मुलांच्या शिकवण्या घेतो. मागे त्याचा फोन आला होता. दुसऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं, पण गेलो नाही, म्हणाला. "भाऊ, माझा माझ्याच नजरेवर भरवसा राहिला नाही."

मी म्हणालो, "होतं रे असं एखाद्याचं."